महाविद्यालय सोडण्याचा अर्ज आहे, थांबण्याचा नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

प्रवेशाचा हंगाम आला की आपल्या दैनिकासह सर्वच वृत्तपत्रांत गुणवत्ता याद्या, कॅपच्या (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या) फेऱ्या, कटऑफ आणि रिक्त जागा यांच्या बातम्यांना पहिल्या पानापर्यंत जागा मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु दिवाळीनंतर दुसरे सत्र उघडताना जे विद्यार्थी महाविद्यालयाच्या कार्यालयात येऊन खालच्या आवाजात 'दाखला काढायचा आहे' असे सांगतात, त्यांच्याविषयी कुठे एक ओळ छापून आल्याचे मला आठवत नाही. एका संलग्न कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालयाच्या कार्यालयात कनिष्ठ लिपिकापासून अधीक्षकापर्यंत माझी सगळी नोकरी झाली. शिक्षण सोडण्याच्या किंवा मध्येच थांबवण्याच्या विचारात असलेल्या विद्यार्थ्यांना आपली विद्यापीठे काय देतात आणि फारसा खर्च न करता काय देऊ शकतील, याविषयी त्या अनुभवातून हे पत्र लिहीत आहे.

शिक्षण सोडणारा म्हणजे नापास झालेला किंवा अभ्यासाचा कंटाळा आलेला, हा समज प्राध्यापकांच्या खोलीत आणि गावातही सारखाच पक्का आहे. खिडकीमागे बसणाऱ्याला निराळे चित्र दिसते. घरचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला म्हणून कामाला लागणारा मुलगा तिथे येतो. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातला विद्यार्थी येतो. कारखान्यांचे गाळप दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत चालते आणि विद्यापीठाचे दुसरे सत्र जवळजवळ सगळे त्यातच निघून जाते. लग्न ठरलेली मुलगी येते, जिचे सासर शेजारच्या विद्यापीठाच्या हद्दीत असते. पोलीस भरतीत किंवा अग्निवीर म्हणून निवड झालेला मुलगा पेढे घेऊन येतो. आनंदाने दाखला नेणारा बहुधा तेवढाच. बारावीच्या गुणांकडे पाहून घरच्यांनी विज्ञान शाखेला घातलेली आणि पहिल्याच सत्रात एटीकेटीच्या काठावर आलेली मुले असतात. आणि झोप लागत नाही, वर्गात बसवत नाही, याहून अधिक काही ज्यांना सांगताच येत नाही, अशीही असतात. यांतल्या काहींनी खरोखरच सोडावे हे त्यांच्या हिताचे असते. बऱ्याच जणांना सहा महिने किंवा वर्षभर थांबून परत येता आले असते. मात्र या सर्वांना मिळणारा छापील अर्ज एकच असतो, आणि तो दाखल्याचा असतो.

तो अर्ज दिला की 'नो ड्यूज'चा कागद हातात पडतो. ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा, वसतिगृह, लेखा विभाग अशा सह्या गोळा करीत विद्यार्थी दिवसभर आवारात फिरतो. ग्रंथपाल पुस्तके परत आली का ते पाहतो, प्रयोगशाळा सहायक फुटलेल्या ब्युरेटचे पैसे भरले गेले का ते पाहतो, लेखापाल शुल्काची बाकी पाहतो. हा मुलगा का चालला आहे, हे विचारण्याचे काम त्या कागदाने कोणालाही नेमून दिलेले नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या पाहणीसाठी 'मेंटॉर-मेंटी'ची, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक आणि त्याच्याकडे सोपवलेले विद्यार्थी यांची, नोंदवही अगदी अद्ययावत ठेवणाऱ्या महाविद्यालयांतही 'नो ड्यूज'वर त्या मेंटॉरच्या सहीसाठी रकाना मी क्वचितच पाहिला. शेवटी दाखल्यावर 'सोडण्याचे कारण' असा रकाना येतो आणि त्यात पिढ्यान्‌पिढ्या 'स्वतःच्या विनंतीवरून' हेच शब्द भरले जातात, कारण नव्या लिपिकाला जुन्याने तेच शिकवलेले असते. याचा परिणाम असा की आपल्याकडचे किती विद्यार्थी पैशाअभावी गेले, किती लग्नामुळे आणि किती आजारपणामुळे, असे विद्यापीठाने उद्या विचारले तर महाविद्यालयाच्या दप्तरातून त्याचे उत्तर निघणार नाही. जे दाखलाही न घेता नुसते यायचे थांबतात, त्यांची तर परीक्षेच्या हजेरीपटावरच्या 'अनुपस्थित' या शेऱ्यापलीकडे नोंदच होत नाही.

कागदोपत्री पाहू गेल्यास आज या विद्यार्थ्यांसाठी पूर्वी कधीच नव्हता एवढा मोठा दरवाजा उघडा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवी शिक्षणात मध्ये बाहेर पडण्याची आणि परत येण्याची मुभा मान्य केली. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने शैक्षणिक श्रेयांक (क्रेडिट) बँकेचे विनियम काढले, आणि मिळवलेले श्रेयांक विद्यार्थ्याच्या खात्यावर सर्वसाधारणपणे सात वर्षांपर्यंत जमा राहतील अशी सोय झाली. आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यानुसार पहिल्या वर्षाचे ४० श्रेयांक आणि शिवाय सुट्टीत ४ श्रेयांकांचा व्यवसायाभिमुख अभ्यासक्रम पूर्ण केल्यास प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर त्याच पद्धतीने पदविका, आणि बाहेर पडलेल्यास तीन वर्षांच्या आत परत येऊन एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करण्याची परवानगी, अशी ही रचना आहे. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून हे धोरण लागू केले.

अडचण अशी आहे की ही रचना वर्ष पूर्ण करून, ठरल्या टप्प्यावर, नीटनेटके बाहेर पडणाऱ्या विद्यार्थ्यासाठी केलेली आहे, आणि आयुष्यातल्या अडचणी सत्राचे वेळापत्रक पाहून येत नाहीत. जानेवारीत वडिलांना अर्धांगवायू झाला म्हणून जाणाऱ्या मुलाकडे एका सत्राचे वीस-बावीस श्रेयांक असतात; त्यावर प्रमाणपत्र मिळत नाही. पण ते श्रेयांक वायाही जात नाहीत, त्याचे श्रेयांक बँकेतले खाते उघडलेले असेल आणि महाविद्यालय व विद्यापीठ यांनी ते तिथे चढवलेले असतील तर ते राहतात, आणि हीच गोष्ट त्याला कोणी सांगत नाही. डिजिलॉकरमधून खाते उघडण्याची मोहीम महाविद्यालयांनी जोरात राबवली, कारण संख्या वर कळवायची होती; त्या खात्याचा उपयोग नेमका कधी होतो, हे मात्र ज्याला त्याची गरज पडते त्याच दिवशी त्याच्या कानावर जात नाही. तो घरी जातो तो 'माझे वर्ष गेले' हे मनाशी पक्के करूनच, आणि दोन वर्षांनी परिस्थिती सावरल्यावरही परत येण्याचा विचार त्याच्या मनाला शिवत नाही.

परत येण्याचे ठरवलेच तर पुढचा खड्डा शिष्यवृत्तीचा आहे, आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहिणे भाग आहे. आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी असलेल्या राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेत, ज्याची उत्पन्नमर्यादा वार्षिक ८ लाख रुपये आहे, अभ्यासक्रमाच्या कालावधीत दोन किंवा अधिक वर्षांचा खंड नसावा अशी अट महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावर दिलेली आहे. म्हणजे आयोग म्हणतो, तीन वर्षांच्या आत केव्हाही परत या. आणि राज्याची शिष्यवृत्ती म्हणते, दोन वर्षे झाली असतील तर शुल्क तुमचे तुम्ही भरा. पैशाच्या ओढीने ज्याने शिक्षण थांबवले, नेमका त्याचाच आधार परतीच्या वाटेवर काढून घेतला जातो. एकाच राज्यात हे दोन नियम शेजारी शेजारी नांदत आहेत. शिष्यवृत्तीची अट घालणाऱ्यांचा हेतू वाईट नसावा. शुल्कमाफी घेऊन वर्षानुवर्षे नावापुरते प्रवेश घेणारे विद्यार्थी असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि स्पर्धा परीक्षांच्या तयारीसाठी केवळ वसतिगृह मिळावे म्हणून पदव्युत्तर वर्गाला नाव घालणारे तर पुण्यात शिकलेल्या कोणालाही ठाऊक आहेत. पण रीतसर परवानगीने थांबलेला आणि न सांगता गायब झालेला, या दोघांत फरक करण्याची सोयच नसल्यामुळे दोघांनाही एकच दंड होतो. उच्च शिक्षण विभागाने 'विद्यापीठाच्या लेखी मान्यतेने घेतलेला खंड धरला जाणार नाही' एवढी एक ओळ जरी त्या अटीत घातली तरी पुष्कळ काम होईल.

शुल्क परत मिळण्याच्या बाबतीत नियम त्यामानाने स्पष्ट आहेत. आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केल्यास प्रक्रिया शुल्क वगळता पूर्ण रक्कम, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, अंतिम तारखेनंतर १५ दिवसांपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यापुढे काहीही नाही, अशी उतरंड आहे. काही वर्षी आयोगाने याहून सवलतीच्या तारखा दिल्या, उदाहरणार्थ २०२४-२५ साठी ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत जास्तीत जास्त हजार रुपये कापून. त्याच अधिसूचनेने विद्यार्थ्याची मूळ कागदपत्रे महाविद्यालयाने अडकवून ठेवण्यासही मनाई केली आहे. तरीही 'उरलेल्या वर्षांचे शुल्क भरा, मग बारावीची मूळ गुणपत्रिका न्या' हे वाक्य विनाअनुदानित संस्थांच्या काउंटरवर अजून ऐकू येते. माझ्या नात्यातल्या एका मुलीला अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षानंतर ते ऐकावे लागले. संस्थेचे नाव इथे घेत नाही. तक्रार निवारणाचे २०२३ चे विनियम कागदपत्रे अडवणे ही तक्रारीची बाब मानतात, त्यासाठी प्रत्येक संस्थेत समिती आणि विद्यापीठ पातळीवर विद्यार्थ्यांच्या तक्रारी ऐकणारा लोकपाल असला पाहिजे असे सांगतात, हे तिच्या वडिलांना वकिलाकडून कळले. महाविद्यालयाच्या माहितीपत्रकात ते शेवटच्या पानावर इंग्रजीत, आठ पॉइंटच्या टाइपात छापलेले होते.

आता मानसिक आधाराविषयी. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले, आणि जुलै २०२५ मध्ये दुसऱ्या एका प्रकरणात सर्व शैक्षणिक संस्थांसाठी मार्गदर्शक तत्त्वे दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, असे त्यांत म्हटले आहे. त्यातल्या दुसऱ्या एका सूचनेकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही: शिक्षक आणि शिक्षकेतर अशा सर्व कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा मानसिक प्रथमोपचाराचे प्रशिक्षण द्यावे. शिक्षकेतर हा शब्द तिथे आहे, याचे मला विशेष समाधान वाटले. समुपदेशन कक्ष बहुधा दुसऱ्या मजल्यावर, आयक्यूएसीच्या (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाच्या) खोलीशेजारी असतो, त्याच्या दारावर वेळ लिहिलेली असते, आणि आत कोण जाते याकडे सगळ्यांचे लक्ष असते. शिक्षण सोडायला निघालेला विद्यार्थी तिथे जात नाही; तो खिडकीवर येतो, कारण त्याला वाटते की आपल्याला सल्ला नको आहे, फक्त कागद हवा आहे. त्याच्याशी जो पहिला माणूस बोलतो तो लिपिक असतो, ज्याच्यासमोर परीक्षा अर्जांची चळत असते, शेजारची दोन पदे रिक्त असतात आणि ज्याने 'अर्ज लिहून आणा, चलन भरा' एवढेच म्हणावे अशी व्यवस्थेची अपेक्षा असते. त्या माणसाला दोन प्रश्न विचारायला शिकवले आणि पुढे कोणाकडे पाठवायचे ते सांगितले, तर समुपदेशकाच्या नेमणुकीचाही उपयोग होईल. 'टेलि-मानस' या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक सरकारने २०२२ पासून सुरू ठेवला आहे, तो मराठीतूनही बोलतो. दाखल्याच्या अर्जाच्या तळाशी तो छापायला खर्च येत नाही.

माझी मागणी साधी आहे. दाखल्याच्या अर्जाशेजारी प्रत्येक विद्यापीठाने 'शैक्षणिक विराम' असा दुसरा छापील अर्ज ठेवावा. तो एका पानाचा असावा, मराठीत असावा, आणि त्यावर पालकाच्या आधी विद्यार्थ्याची सही असावी. विरामाच्या काळात विद्यार्थ्याचा पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) चालू राहील, पुन्हा पात्रता प्रमाणपत्राची यातायात करावी लागणार नाही आणि गॅपचे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी त्याला तहसील कचेरीच्या दारातल्या टायपिस्टपुढे उभे राहावे लागणार नाही, अशी हमी त्यात असावी. किती श्रेयांक जमा आहेत, परत येण्याची शेवटची तारीख कोणती, अभ्यासक्रम बदलल्यास कोणते विषय नव्याने घ्यावे लागतील, शुल्कापैकी किती परत मिळेल, शिष्यवृत्तीवर आणि वसतिगृहाच्या जागेवर काय परिणाम होईल, हे लिपिकाने त्याच कागदावर भरून द्यावे. आजारपण, कुटुंबाची अडचण, रोजगार, विवाह, प्रसूती, अभ्यासक्रम न जमणे अशी कारणे छापलेली असावीत आणि त्यांपुढे खूण करायची असावी, म्हणजे दप्तराला निदान खरे कारण तरी कळेल. सांगायचे नसेल तर तो रकाना रिकामा ठेवण्याची मोकळीक असावी. आणि परतीच्या तारखेच्या महिनाभर आधी महाविद्यालयातून त्याला एक फोन जावा. बँक कर्जाच्या हप्त्याची आठवण करून देते, महाविद्यालय शिक्षणाची का करून देऊ नये?

यावर दोन आक्षेप येतील, ते मी नोकरीत असतानाच ऐकले आहेत. पहिला असा की थांबणे सोपे केले तर अधिक मुले थांबतील. थांबणारी मुले आजही थांबतातच, फरक इतकाच की ती न सांगता जातात आणि परत येत नाहीत. दुसरा आक्षेप उघडपणे कोणी मांडत नाही, पण खरा जोर त्याचाच आहे: अनुदानित महाविद्यालयात विद्यार्थिसंख्येवर तुकडी टिकते, तुकडीवर कार्यभार आणि कार्यभारावर प्राध्यापकाचे पद, विनाअनुदानित संस्थेत तर प्रत्येक रिकाम्या बाकामागे थेट उत्पन्न जाते. त्यामुळे प्राचार्यांची प्रवृत्ती मुलाला काहीतरी सांगून पटावर ठेवण्याकडे असते, मग तो वर्गात असो वा नसो. विरामावर असलेला विद्यार्थी पटावर धरला जाईल, एवढा निर्णय उच्च शिक्षण संचालनालयाने घेतल्यास हा आक्षेप बराचसा निकाली निघेल.

विवाह आणि प्रसूती यांचा उल्लेख वर केला, कारण मुलींच्या बाबतीत मध्येच सोडण्याचे कारण बहुतेकदा तेच असते. पीएच.डी. करणाऱ्या महिलांना आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनी २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा दिली आहे. बी. ए.च्या दुसऱ्या वर्षातल्या विवाहित मुलीबाबत मात्र आयोगाने डिसेंबर २०२१ मध्ये विद्यापीठांना योग्य नियम करण्याची सूचना देऊन विषय त्यांच्यावर सोपवला. केरळमधील महात्मा गांधी विद्यापीठाने २०२२ च्या अखेरीस पदवी व पदव्युत्तर विद्यार्थिनींना ६० दिवसांची प्रसूती रजा देण्याचा निर्णय घेतला, ज्यात पुन्हा नावनोंदणी करावी लागत नाही. महाराष्ट्रात मुलींच्या व्यावसायिक शिक्षणाचे शुल्क माफ करण्याचा चांगला निर्णय २०२४ मध्ये झाला. प्रवेश घेतलेली मुलगी शेवटच्या वर्षापर्यंत टिकावी यासाठी हजेरीची सूट आणि दुसऱ्या विद्यापीठात जाण्याची सोपी वाट हा त्याच निर्णयाचा पुढचा भाग व्हायला हवा. सध्या सासरच्या गावच्या महाविद्यालयात जायचे तर दाखला, स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता आणि विषयांची समकक्षता एवढे सगळे पार करीपर्यंत सत्र संपलेले असते.

ज्याने सोडण्याचे ठरवलेच आहे, त्यालाही सन्मानाने सोडता आले पाहिजे, हे मी मुद्दाम लिहितो. 'एवढे शिकून सोडतोस?' असे त्याला चार टेबलांवर ऐकवले जाते. त्याऐवजी त्याची कागदपत्रे त्याच आठवड्यात द्यावीत, देय असलेले शुल्क द्यावे, आणि नोकरी करत पुढे शिकायचे असेल तर नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून याच कामासाठी उभे आहे, त्याचे अभ्यासकेंद्र तालुक्यात कुठे आहे हे सांगावे. बऱ्याचदा ते केंद्र त्याच महाविद्यालयाच्या इमारतीत असते आणि तरीही दाखला देणारे टेबल त्याचे नाव काढत नाही. पोलीस भरतीत गेलेल्या कित्येक मुलांची पदवी पुढे तिथूनच झाली. ती त्यांनी स्वतः शोधून काढली.

यातल्या बहुतेक गोष्टींसाठी नव्या कायद्याची गरज नाही. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थी विकास मंडळ दिलेले आहे, 'कमवा आणि शिका'सारखी योजना चालवण्याचा अनुभव आपल्या विद्यापीठांना आहे, आणि विरामाच्या अर्जाचा नमुना परिपत्रकाने लागू करता येतो. शिष्यवृत्तीची अट आणि पटसंख्येचा निर्णय तेवढा मंत्रालयातून व्हावा लागेल. आपल्याकडे एक विनंती मात्र आताच करतो. दरवर्षी आपण प्रवेश वेळापत्रकाचा जो तक्ता छापता, त्यात अर्जाच्या आणि फेऱ्यांच्या तारखांखाली आणखी दोन ओळी घालाव्यात: प्रवेश रद्द करून पूर्ण शुल्क परत मिळण्याची शेवटची तारीख, आणि त्या विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीचा व लोकपालांचा पत्ता.

आपला,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक,
जि. सोलापूर